बार्सिलोना दहा जणांत : दिवसाला एकच बांधलेली वेळ

बार्सिलोनाला दोघंच फिरत असाल तर दिवसात चार ठिकाणं सहज होतात. आजी-आजोबा, दोन-तीन जोडपी आणि पोरं धरून दहा जण असले की दोन होतात, आणि दोनच करावीत. वेळ चालण्यात जात नाही, थांबण्यात जातो. कुणाला बाथरूमला जायचंय, कुणाची पाण्याची बाटली खोलीवर राहिली, पोरांना कबुतरांमागे धावायचंय, आणि मेट्रोच्या फाटकातून एकेक जण आत जाईपर्यंत समोरची गाडी सुटलेली असते. म्हणून आम्ही सगळी आखणी एका नियमावर बांधतो. दिवसाला एकच ठिकाण असं ठेवायचं जिथे तिकिटावर वेळ छापलेली आहे. दुसरं ठिकाण मोकळं, कधीही पोचलं तरी चालणारं. साग्रादा फामिलिया हे चर्च आणि पार्क ग्वेल ही बाग एकाच दिवशी बसवलेली वेळापत्रकं नेटवर पुष्कळ मिळतात. दहा जणांना ती जमत नाहीत. दुसऱ्या तिकिटाच्या वेळेला निम्मी मंडळी अजून जेवणाच्या बिलाची वाट पाहत असतात.

आधी राहण्याची जागा. दहा जणांसाठी दोन-तीन खोल्यांचं अपार्टमेंट हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि स्वयंपाकघर मिळतं, पण तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. पहिली, परवाना क्रमांक. तो HUTB या रोमन अक्षरांनी सुरू होतो आणि जाहिरातीत दिलेला असावा लागतो. शहराने 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना दिली जाणारी अपार्टमेंट बंद करायचं जाहीर केलंय, त्यामुळे शेजारी या बाबतीत हळवे असतात आणि रात्री दहानंतरच्या आवाजावर तक्रार होते. दुसरी गोष्ट मजल्याची. एशाम्प्ला भागातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर ‘एन्त्रेसोल’, मग ‘प्रिन्सिपाल’, आणि त्यानंतर कुठे ‘पहिला’ मजला सुरू होतो. जाहिरातीतला दुसरा मजला आपल्या मोजणीने चौथा निघतो. तिसरी लिफ्ट. असली तरी बऱ्याचदा दोन-तीन माणसांपुरती, जाळीच्या दाराची. दहा जण आणि दहा बॅगा वर न्यायला अर्धा तास धरा. पर्यटक कर माणशी, रात्रीगणिक आणि वेगळा घेतात. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नाही आणि सलग राहिलात तर सात रात्रींपुरताच लागतो. मुलांची वयं दाखवायला पासपोर्टच्या प्रती हाताशी ठेवा, नाहीतर सरसकट दहाचा हिशेब होतो.

आता मेट्रोची तिकिटं. इथे पैसे वाया जाण्याच्या सगळ्यात जास्त जागा आहेत. ‘टी-कॅज्युअल’ हे दहा फेऱ्यांचं तिकीट सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते एकाच माणसाचं आहे. एका तिकिटावर पाच जण दोनदा जाऊ शकत नाहीत. जुन्या प्रवासवर्णनांत तसं लिहिलेलं सापडतं, कारण आधीचं ‘टी-10’ वाटून वापरता येत असे; 2020 पासून ते बंद आहे. गटासाठी ‘टी-फॅमिलिआर’ नावाचं तिकीट आहे. आठ फेऱ्या, तीस दिवसांची मुदत, आणि अनेकांनी मिळून वापरायची मुभा. फेरीमागे ते टी-कॅज्युअलपेक्षा थोडं महाग पडतं. आमची वाटणी अशी असते : जे रोज सगळीकडे हिंडणार त्यांना प्रत्येकी एक टी-कॅज्युअल, आणि जे अर्धा दिवस घरीच थांबणार त्या मंडळींत मिळून एक टी-फॅमिलिआर. वाटून वापरायच्या तिकिटावर गाडी बदलताना ती मंडळी एकत्रच राहिली पाहिजेत, नाहीतर फेऱ्यांचा हिशेब चुकतो. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

एक फेरी म्हणजे एक गाडी नव्हे. एका झोनमध्ये सव्वा तासाच्या आत मेट्रोतून उतरून बस धरली तर तीच फेरी चालू राहते, फक्त तिकीट मशीनला पुन्हा लावायचं असतं. बसमध्ये चढल्यावर ‘आधीच काढलंय’ म्हणून न लावणारी माणसं तपासनीसाच्या हाती सापडतात आणि दंड 100 युरो आहे. मेट्रोतून बाहेर पडेपर्यंत तिकीट जपून ठेवावं, दहाही जणांनी आपापलं.

‘ओला बार्सिलोना’ हे तासांवर चालणारं कार्ड आहे, 48, 72, 96 किंवा 120 तासांचं. अमर्याद फेऱ्या, तेही माणशी एक. हिशेब करून पाहिला तर टी-कॅज्युअलवर फेरी सव्वा-दीड युरोच्या घरात पडते, म्हणजे दिवसाला सहा-सात फेऱ्या झाल्या तरच ओला परवडतं. म्हातारी माणसं बरोबर असताना इतक्या फेऱ्या होत नाहीत. त्याचा एकच खरा फायदा म्हणजे विमानतळाची मेट्रो त्यात येते. टी-कॅज्युअल आणि टी-फॅमिलिआर विमानतळाच्या दोन मेट्रो स्थानकांवर चालत नाहीत, तिथे वेगळं, बरंच महाग तिकीट लागतं. मात्र 46 नंबरची बस आणि टर्मिनल 2 वरून सुटणारी लोकल यांवर एका झोनचं टी-कॅज्युअल चालतं. सामान जास्त असेल तर एअरोबस बरी. ती अर्ध्या-पाऊण तासात प्लासा कातालुन्या या मध्यवर्ती चौकाला सोडते आणि बॅगा ठेवायला मोठी जागा असते. टॅक्सी काळी-पिवळी असते, मुंबईकरांना घरी आल्यासारखं वाटतं, पण चारच जण घेतात. दहा जण म्हणजे तीन टॅक्सी. पाच ते आठ जणांची मोठी गाडी ॲपवरून सांगून मागवता येते, तिला थोडा वाढीव आकार लागतो.

मेट्रोच्या नकाशात पाहून पासेच दे ग्रासिया स्थानकावर गाडी बदलायचा बेत करू नका. तिसऱ्या लाईनवरून दुसऱ्या किंवा चौथ्या लाईनला जायला जमिनीखालून लांबच लांब बोगदा चालावा लागतो. गुडघेदुखी असलेल्यांचा निम्मा उत्साह तिथेच संपतो. नकाशावर ज्या स्थानकाजवळ व्हीलचेअरचं चिन्ह नाही तिथे लिफ्ट नाही, इतकं पाहून ठेवलं तरी पुरे. आणि शक्य तिथे बस पकडा. वर उजेड असतो, शहर दिसतं, बसायला जागा मिळते, आणि पायऱ्या नसतात.

पहिला दिवस रिकामा ठेवावा. भारतापेक्षा तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. आजोबा पहाटे चारला टक्क जागे, आणि संध्याकाळी सातला डोळे मिटतात. स्पेनमध्ये नेमकं तेव्हा कुणी जेवत नाही. बहुतेक रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं रात्री साडेआठच्या आसपास उघडतात. याला तोडगा एकच. बाहेरचं मुख्य जेवण दुपारी, रात्री घरी वरणभात. हे कुरकुरत करण्याची तडजोड नाही, उलट स्थानिक पद्धतीशी जुळणारीच गोष्ट आहे, कारण त्यांचंही मोठं जेवण दुपारचंच.

साग्रादा फामिलियाला आपण दिवसाची बांधलेली वेळ देतो. तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, साधारण दोन महिने आधी विक्री सुरू होते, आणि मे ते सप्टेंबर या काळात सोयीच्या वेळा आठवडा-दोन आठवडे आधीच उडतात. साधं तिकीट 26 युरो, मनोऱ्यासकट 36. अकरा वर्षांखालच्या मुलांना फुकट, पण शून्य युरोचं तिकीट त्यांच्या नावेही काढावंच लागतं. ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे. दारात पुरावा मागतात. पंधरा मिनिटं आधी पोचा. विमानतळासारखी बॅगांची तपासणी होते, आणि पोरांच्या दप्तरातली गोल टोकाची कात्रीसुद्धा तिथे अडते. हे चालू प्रार्थनास्थळ आहे, खांदे उघडे टाकणारे किंवा आरपार दिसणारे कपडे चालत नाहीत. ओढणी किंवा पातळ शाल जवळ असली की प्रश्न मिटतो.

वेळ कुठली घ्यायची हे उजेडावर ठरवा. पूर्वेकडच्या, म्हणजे येशूच्या जन्मोत्सवाच्या दर्शनी भागाकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान तिकडून ऊन येतं. पश्चिमेकडच्या लाल-केशरी आहेत, त्या दुपारनंतर पेटतात. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे चारच्या सुमाराला आत अक्षरशः शेंदरी उजेड पडतो. दोन्हींत आमचं मत सकाळच्या बाजूने. गर्दी तुलनेने कमी असते आणि आजी-आजोबा ताजेतवाने असतात. दुपारी बारा-एकची वेळ सहज मिळते, कारण ती सगळ्यात फिकी.

मनोऱ्यांबद्दल गटात मतभेद होतात, म्हणून माहिती आधीच वाटून टाका. वर जायला लिफ्ट आहे, उतरायचं मात्र अरुंद चक्राकार जिन्याने, आणि पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत. मध्ये थांबून मागे वळायची सोय नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. पाठीवरची बॅग लॉकरमध्ये ठेवावी लागते. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर मनोरे बंद ठेवतात आणि तेवढे पैसे परत मिळतात. गुडघे, चक्कर, बंद जागेची भीती यांपैकी काहीही असलेल्यांनी साधं तिकीट घ्यावं. आत बसायला बाकं आहेत आणि खरा ऐवज खालीच आहे. मनोऱ्यावरून जे दिसत नाही ते म्हणजे खुद्द मनोरे. दहांपैकी तीन-चार जणांनीच वर जावं, बाकीच्यांनी तो पाऊण तास काचांच्या उजेडात बसून काढावा. लिफ्टची वेळ तिकिटावर वेगळी छापलेली असते, प्रवेशाच्या वेळेशी तिची गल्लत होते, हे वर जाणाऱ्यांना बजावून ठेवा.

ऑडिओ मार्गदर्शन तिकिटातच येतं, पण ते अधिकृत ॲपवर आहे. ॲप घरच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून घ्यायचं आणि प्रत्येकाने आपापला हेडफोन न्यायचा. दारात उभं राहून दहा फोनांवर ॲप उतरवणं म्हणजे वीस मिनिटं गेली.

आत काय पाहायचं याची थोडी तयारी असली तर पोरं कंटाळत नाहीत. बांधकाम 1882 साली सुरू झालं, पुढच्या वर्षी ते वास्तुरचनाकार अन्तोनी गाउदीकडे आलं, आणि 1926 च्या जूनमध्ये ट्रामच्या धक्क्याने तो वारला तेव्हा एकच दर्शनी बाजू आकाराला आली होती. तो खाली तळघरातच पुरलेला आहे. आतले खांब झाडासारखे वर जाऊन फांद्या फुटल्यासारखे होतात, आणि त्यांचे रंग सजावटीसाठी वेगळे केलेले नाहीत. ज्या खांबावर जितका भार तितका कठीण दगड. सगळ्यात जास्त वजन पेलणारे मधले चार तांबूस खांब पॉर्फिरीचे, मग बेसॉल्ट, मग ग्रॅनाइट, आणि हलक्या भाराला वालुकाश्म. बेसॉल्ट म्हटल्यावर सह्याद्रीतल्या माणसाने त्या खांबांना हात लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जन्मोत्सवाच्या बाजूला दोन खांबांच्या पायाशी कासवं आहेत, समुद्राकडचं पाण्यातलं आणि डोंगराकडचं जमिनीवरचं. दोघांचे पाय पाहून कोणतं कुठलं हे मुलांना ओळखायला सांगा. पलीकडे, शिल्पकार सुबिराक्सच्या कोरड्या, टोकदार आकृत्यांच्या बाजूला, दगडात कोरलेला चार गुणिले चारचा आकड्यांचा चौकोन आहे. आडवी, उभी, तिरकी, कशीही बेरीज करा, 33 येते. गणिताची आवड असलेलं पोर असेल तर तिथून हलत नाही.

तळातलं संग्रहालय बहुतेक गट दमून टाळतात, आणि ते वाईट आहे. दोऱ्यांना छोट्या पिशव्या टांगून केलेली उलटी प्रतिकृती तिथे आहे. लोंबकळणारी दोरी स्वतःहून जो बाक घेते तोच उलटा केला की कमानीचा सगळ्यात भक्कम आकार मिळतो. ही प्रतिकृती गाउदीच्याच कोलोनिया ग्वेलच्या चर्चची आहे; खालच्या आरशात पाहिलं की ती सुलटी दिसते आणि युक्ती उमगते. त्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवा.

सगळं मिळून दोन-अडीच तास. बाहेर पडल्यावर लगेच मेट्रोत शिरू नका. कोपऱ्यातून तिरपा निघणारा आविंगुदा दे गाउदी हा पादचारी रस्ता दहा-पंधरा मिनिटांत सांत पाऊच्या जुन्या रुग्णालयाशी पोचवतो. हे आमच्या नियमातलं मोकळं ठिकाण. दोमेनेक इ मोंतानेर या वास्तुरचनाकाराने 1902 पासून उभारलेलं हे रुग्णालय म्हणजे बागेत विखुरलेल्या रंगीत कौलांच्या इमारती, खालून सगळ्यांना जोडणारे बोगदे. 2009 पर्यंत इथे खरोखर रुग्ण होते. ऐन गर्दीच्या महिन्यातही तिकीट दारात मिळून जातं, जमीन सपाट आहे, बाकं आहेत, सावली आहे. साग्रादाच्या गर्दीतून आलेली ज्येष्ठ मंडळी इथे पहिल्यांदा ‘छान आहे हो’ म्हणतात.

पार्क ग्वेलचा दिवस वेगळा धरा, आणि चढाचा विचार आधी करा. लेस्सेप्स स्थानकावरून चढ लांब आहे. वालकार्काच्या बाजूने रस्त्यावरच सरकते जिने आहेत, पण ते सलग नाहीत, मधले टप्पे पायीच. सोपा मार्ग म्हणजे प्लासा कातालुन्याहून 24 नंबरची बस. ती वरच्या, कारमेल रस्त्याच्या दाराशी सोडते. तिथून आत शिरायचं, उतरत उतरत पाहायचं आणि ओलोत रस्त्यावरच्या मुख्य दाराने खाली बाहेर पडायचं. म्हणजे सगळी वाट उताराची. बहुतेक लोक उलटं करतात. 116 नंबरची छोटी बसही जवळून जाते. पर्यटकांच्या गर्दीने स्थानिक वृद्धांना जागाच मिळेना, म्हणून 2024 साली महापालिकेने ती गूगल नकाशातून काढायला लावली. दहा जणांनी मिळून ती शोधून काढू नये.

तिकीट 18 युरो, ज्येष्ठांना आणि मुलांना कमी. तिकिटावरच्या वेळेपासून अर्ध्या तासात आत शिरावं लागतं, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही. आधी बाथरूम, मग दार, हा क्रम पाळा. साठ घरांची श्रीमंत वसाहत म्हणून 1900 साली हे काम सुरू झालं. दोनच घरं बांधली गेली आणि प्रकल्प बुडाला. मधल्या चौकाला कडेने जो नागमोडी बाक आहे त्यावर फुटक्या फरश्यांचं काम आहे, ते मुख्यतः गाउदीचा सहकारी जुजोल याचं. या चौकाची जमीन मुद्दाम मऊ मातीची आहे. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपतं, खालच्या 86 खांबांच्या पोकळीतून उतरतं आणि 1200 घनमीटरच्या टाकीत साठतं. जिन्यावरच्या रंगीत सरड्याच्या तोंडातून बाहेर येतं ते त्याच टाकीतलं जादा पाणी. सरड्यापाशी दहा जणांचा एकत्र फोटो निघत नाही. तिथे रांग नसते, रेटारेटी असते. एकत्र फोटो बाकावर काढा, शहर आणि समुद्र दोन्ही मागे येतात.

सकाळी साडेनऊची वेळ मिळाली तर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये अकरानंतर त्या चौकात सावली उरत नाही. पाऊस पडून गेल्यावर मातीच्या वाटा निसरड्या होतात, आणि सपाट तळव्याच्या चपलांनी तिथे माणसं घसरतात. ज्यांना चालण्याचा खरोखर त्रास आहे त्यांना पार्क ग्वेल दाखवण्याचा हट्ट करू नये. त्यांना त्या सकाळी प्लासा कातालुन्यातल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या नवव्या मजल्यावर नेऊन कॉफी पाजा. शहराचा देखावा तिथूनही दिसतो, लिफ्ट आहे आणि बाथरूम स्वच्छ आहे.

जुन्या शहराच्या गल्ल्या बिनतिकिटाच्या आहेत, म्हणून ते मोकळ्या दिवसासाठी उत्तम. नऊच्या आधी निघा. प्लासा कातालुन्याहून कॅथेड्रलपर्यंत सपाट रस्ता आहे. कॅथेड्रलच्या अंगणात तेरा पांढरे कलहंस (गीज) पाळले आहेत, संत एउलालिया तेराव्या वर्षी मारली गेली म्हणून तेरा. लहान मुलांना अख्ख्या गॉथिक भागातलं तेवढंच आठवतं. मागच्या बाजूला सांत फेलिप नेरी हा बारका चौक आहे. 30 जानेवारी 1938 रोजी यादवी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात इथे 42 जण मेले, बरीचशी मुलं. चर्चच्या भिंतीवरचे खळगे तसेच ठेवले आहेत. शेजारी शाळा आहे, सुट्टीत चौक पोरांनी भरलेला असतो. तिथून पारादीस गल्लीत 10 नंबरच्या घरात शिरलं की आतल्या चौकात रोमन मंदिराचे चार खांब उभे आहेत, फुकट, पाच मिनिटांचं काम. मग सांता मारिया देल मार या चर्चपर्यंत चालत जा. 1329 ते 1383 अशा एका दमात बांधलेलं असल्यामुळे ते आतून एकसंध वाटतं, कॅथेड्रलपेक्षा आम्हाला तेच जास्त आवडतं. एवढी वाट दोन किलोमीटरच्या आतली आहे, पण दगडी फरसबंदीवर ती दुप्पट वाटते.

ला राम्ब्ला (जुन्या शहरातला हिंडण्याचा रुंद रस्ता) एकदा पाहून घ्यावी, तिच्यावर जेवू नये. जोआन मिरोने 1976 साली केलेलं गोल रंगीत मोझेक तिथे जमिनीतच आहे, लोक त्यावरून चालत जाऊन वर पाहत विचारतात कुठे आहे म्हणून. बोकेरिया बाजार रविवारी बंद असतो, सकाळी नऊला खरा बाजार असतो आणि बारानंतर फळांच्या रसाचे पेले विकणारी जत्रा.

पाकीटमारी या भागात खरी आहे, आणि मोठ्या गटाला जास्त धोका आहे, कारण प्रत्येकाला वाटतं सामानावर दुसरा लक्ष ठेवून आहे. पद्धती ठरलेल्या आहेत. मेट्रोचं दार बंद होता होता दोघं आत रेटतात आणि तिसरा बाहेर राहतो. टेबलावरच्या फोनवर कुणीतरी नकाशा किंवा सह्यांचा कागद पसरतो आणि कागदासकट फोन उचलतो. अंगावर काहीतरी शिंतोडा उडतो आणि पुसायला मदत करणारा हात खिशात जातो. खुर्चीच्या पाठीला पर्स अडकवणं म्हणजे देऊन टाकणंच. सगळ्यांचे पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये ठेवण्याची आपल्याकडची जी सवय आहे ती मोडा. मूळ पासपोर्ट घरी कुलुपात, जवळ प्रत आणि फोनमध्ये फोटो. तरी गेलंच तर 112 वर कळवा, आणि पोलिस ठाण्यात ‘देनुन्सिया’ म्हणजे लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या; विमा आणि नवा प्रवास दाखला, दोन्हींसाठी ती लागते.

जेवणाचं सविस्तर लिहायला हवं, कारण शाकाहारी माणसांची सहल इथेच बिघडते. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं की सॅलडवर ट्यूना येतो किंवा पालकात हॅमचे तुकडे येतात. त्यांच्या लेखी ट्यूना मासा आहे, हॅम म्हणजे चवीपुरतं, मांस नव्हे. म्हणून पूर्ण यादी म्हणायची : ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’ (मांस, हॅम, मासा, ट्यूना, काहीच नको). अंडं नको असेल तर ‘सिन उएव्हो’. कागदावर लिहून दाखवलेलं सगळ्यात चांगलं. भाज्यांचा पाएया (भाताचा प्रकार) म्हणून येतो तोही बऱ्याचदा माशाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. ‘काल्दो’, म्हणजे ते पाणी, कशाचा हे विचारावंच लागतं. निर्धास्त मागवण्यासारखे पदार्थ म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, एस्कालिवादा (भाजून सोललेली वांगी आणि लाल ढोबळी मिरची, वर ऑलिव्ह तेल, भरिताची ओढ असणाऱ्यांना लगेच आवडते), पाद्रोनच्या तळलेल्या छोट्या मिरच्या, आणि गाझपाचो हे टोमॅटोचं सूप, जे थंडच असतं, गरम करून मागू नका. बटाट्याच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या ऑम्लेटात, अंडं असतं. ब्रावास या तळलेल्या बटाट्यांवरचा पांढरा आलिओली (लसणाचा सॉस) बहुधा अंड्याचा असतो. क्रोकेटा (तळलेले रोल) जवळजवळ नेहमी हॅमचे निघतात. चुरोसचं (तळलेल्या कांड्यांचं) पीठ मैदा, पाणी आणि मीठ एवढंच, ते सगळ्यांना चालतात. पेत्रित्शोल गल्लीतल्या जुन्या दुकानांत घट्ट चॉकलेटबरोबर मिळतात.

दुपारचं ‘मेनू देल दिया’ सोमवार ते शुक्रवार. दोन पदार्थ, गोड किंवा कॉफी, पाव आणि पेय, साधारण 15 युरोच्या आसपास. दहा जणांना एकत्र जागा हवी तर आदल्या दिवशी फोन करून एक वाजताची वेळ मागा. स्थानिक लोक दोनला येतात, तोवर तुमचं आटोपलेलं असतं. बिल एकच येतं, ते दहा भागांत करून मागितलं तर वेटरचा चेहरा पाहवत नाही. एकाने भरावं, हिशेब रात्री. बाहेरच्या टेबलांना दर थोडा जास्त असतो. टिपेची सक्ती नाही.

घरच्या स्वयंपाकासाठी राव्हाल भाग. तिथे पाकिस्तानी, बांगलादेशी आणि भारतीय किराणा दुकानं गल्लोगल्ली आहेत. तूरडाळ, कणीक, हिंग, कढीपत्ता, गोठवलेले पराठे, सगळं मिळतं. शनिवारीच भरून ठेवा, रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, चव थोडी क्लोरीनची.

सोमवारी पिकासो संग्रहालय आणि मोंजुईक टेकडीवरचं राष्ट्रीय कला संग्रहालय बंद असतं. कला संग्रहालय शनिवारी दुपारी तीननंतर आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट आहे, आणि प्लासा एस्पान्याकडून तिथवर उघड्यावर सरकते जिने आहेत. दहा तिकिटांचे पैसे वाचतात, तर शनिवार त्याच्यासाठीच ठेवा.

शेवटच्या दिवशी अपार्टमेंट सकाळी दहा-अकराला सोडावं लागतं आणि विमान बहुधा संध्याकाळी असतं. सांत्स रेल्वे स्थानकात आणि एस्तासिओ देल नोर्द या बसस्थानकात सामानाचे लॉकर आहेत. एका मोठ्या लॉकरात दोन बॅगा कशाबशा बसतात, त्यामुळे दहा जणांनी लवकर पोचावं. विमानतळाचं टर्मिनल आधी तपासा. टर्मिनल 1 आणि 2 एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत, मध्ये फुकट बस धावते, पण बॅगा आणि आजी-आजोबांसकट त्यात अर्धा तास जातो. खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर दुकानातच पासपोर्ट दाखवून ‘दिवा’ (DIVA) या करपरताव्याच्या व्यवस्थेचा कागद मागून घ्यावा लागतो. किमान खरेदीची अट स्पेनमध्ये 2018 पासून नाही, लहानसहान बिलंही चालतात. तो कागद विमानतळावर दिवाच्या यंत्रात तपासून घ्यायचा, आणि बॅगा विमान कंपनीकडे सोपवण्याच्या आधी. अधिकाऱ्याने वस्तू दाखवा म्हटलं आणि त्या तोवर पट्ट्यावरून आत गेलेल्या असल्या, तर कर परत मिळत नाही.